‘आम्ही’ की ‘आपण’? उकरलेल्या रानाचं एक चित्र आणि त्यातली न दिसणारी माणसं

गेल्या आठवड्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोबाईलवर एक चित्र दाखवलं. अण्णांची हयात शेतीत गेली. रंगांशी संबंध बेंदराला बैलांची शिंगं रंगवण्यापुरता. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "रान कुणी उकरलंय रं एवढं?" मी म्हटलं, लढाईत झालंय. मग मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "आन् माणूस कसा दिसंना ह्यात?" आणि मोबाईल परत देता देता तिसरा प्रश्न, "आता पिकतंय का तिथं?"

मला तेव्हा एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. नंतर वाचत बसलो, आणि लक्षात आलं की या चित्राला विचारण्यासारखे प्रश्न बहुतेक हेच तीन आहेत. ही पोस्ट म्हणजे त्यांची उत्तरं. लांब झाली आहे, सवडीनं वाचा.

आत्ताच लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर उद्ध्वस्त शहरांचे ड्रोननं घेतलेले व्हिडिओ येतात. कधी युक्रेनचे, कधी गाझाचे. वरून दिसणारी करडी जमीन, पडक्या भिंती, माणूस कुठेच नाही. आपण ‘बापरे’ म्हणतो आणि अंगठा पुढे सरकतो. माणसं नसलेली युद्धभूमी बघायची आपल्याला सवय झाली आहे. अशी चित्रं शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी काढली, त्यांनी ती का काढली आणि त्यात काय सांगितलं, हे म्हणूनच बघण्यासारखं आहे.

चित्र पॉल नॅश या इंग्रज चित्रकाराचं. साल १९१८. नाव ‘वी आर मेकिंग अ न्यू वर्ल्ड’. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. चित्रात काय आहे? चिखलाचे उंचवटे, एकामागे एक, लाटांसारखे. म्हटलं तर लाटा, म्हटलं तर थडगी. त्यात उभी असलेली झाडांची खोडं, फांद्या नाहीत, पानं नाहीत. मागे तांबूस, गंजल्या रंगाच्या ढगांची रांग, डोंगरासारखी. आणि तिच्यावर येणारा फिकट पांढरा सूर्य. बस. बंदूक नाही, तोफ नाही, झेंडा नाही, माणूस नाही.

दोनेक वर्षांपूर्वी हे चित्र मी याच ठिकाणी टाकलं होतं. जुन्या वाचकांना आठवत असेल. तेव्हा मी नावाचं भाषांतर केलं होतं, ‘आम्ही नवं जग घडवतो आहोत’. इंग्रजीत ‘वी’ म्हटलं की काम भागतं. मराठीत भागत नाही. मराठीत ठरवावं लागतं, ‘आम्ही’ की ‘आपण’. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा सुटला. ‘आपण’ म्हटलं की ऐकणाराही त्यात आला. मी तेव्हा फारसा विचार न करता ‘आम्ही’ लिहिलं. आज मला ती चूक वाटते. का, ते सांगतो.

नॅशचा जन्म १८८९ चा. युद्धापूर्वी तो झाडं काढायचा. बागा, टेकड्या, चांदणं, एल्मची झाडं. माणसं काढण्यात त्याला विशेष गती नव्हती, आणि झाडांनाच माणसांसारखं व्यक्तिमत्त्व असतं असं त्याला वाटायचं. १९१४ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि १९१७ च्या फेब्रुवारीत अधिकारी म्हणून बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळच्या आघाडीवर पोचला. त्या वसंतात तिथे तुलनेनं शांतता होती. खंदकांच्या कडेला हिरवळ फुटली होती, फुलं आली होती, आणि नॅश बायकोला, मार्गारेटला, उत्साहानं त्याची पत्रं लिहीत होता. इतकं मोडूनही निसर्ग परत उभा राहतो, याचं त्याला नवल वाटत होतं.

२५ मे १९१७ च्या रात्री तो अंधारात खंदकात पडला. बरगडी मोडली. इंग्लंडला परत पाठवलं. काही दिवसांतच त्याच्या तुकडीनं ‘हिल ६०’ नावाच्या टेकडीवर हल्ला केला आणि त्यात त्याचे अनेक सहकारी गेले. एक पाय घसरला म्हणून हा वाचला.

नोव्हेंबरमध्ये तो परत गेला, या वेळी सरकारनं नेमलेला युद्धचित्रकार म्हणून. मधल्या काळात तिथे ईप्रची तिसरी लढाई झाली होती. पासेनडेलची लढाई म्हणून ती जास्त माहीत आहे. ३१ जुलै ते १० नोव्हेंबर. त्या भागाची जमीन चिकणमातीची, पाणी न मुरणारी. शेकडो वर्षांत शेतकऱ्यांनी चर खणून, पाण्याला वाट करून ती लागवडीखाली आणली होती. तोफगोळ्यांनी ते सगळे चर फोडले. वर पाऊस लागला. पाण्याला जायला वाटच राहिली नाही. खड्डे भरले, आणि त्या खड्ड्यांत माणसं आणि जनावरं जिवंत बुडाली. म्हणजे अण्णांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेमकं आहे. ते रान तोफांनी उकरलं. पण चिखल झाला तो पिढ्यान्‌पिढ्यांची शेतीची मेहनत फुटली म्हणून.

मार्च-एप्रिलात फुलं बघितलेल्या नॅशनं नोव्हेंबरात हे बघितलं. १६ नोव्हेंबरला त्यानं मार्गारेटला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा मतलब असा, की मी आता कुतूहलानं बघणारा चित्रकार उरलेलो नाही. मी निरोप्या आहे. इथे लढणाऱ्यांचा निरोप मला अशा लोकांपर्यंत न्यायचा आहे, ज्यांना हे युद्ध असंच चालू राहावं असं वाटतं. आघाडीवर असताना त्यानं ईप्रच्या पूर्वेला ‘इनव्हर्नेस कॉप्स’ नावाच्या झाडीचं रेखाटन केलं. झाडी म्हणजे नकाशावर झाडी. तिथे उरली होती ती खोडं. त्याच रेखाटनावरून पुढे आपलं हे चित्र झालं.

आता अण्णांचा दुसरा प्रश्न. माणसं कुठे आहेत?

याचं अर्धं उत्तर नॅशच्या स्वभावात आहे. तो झाडांचाच चित्रकार. पण बाकीचं अर्धं उत्तर त्या काळच्या सेन्सॉरच्या कारभारात सापडतं. त्याच वर्षी सी. आर. डब्ल्यू. नेव्हिन्सन नावाच्या दुसऱ्या सरकारी युद्धचित्रकारानं ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ हे चित्र मांडायला काढलं. काटेरी तारेपाशी चिखलात पालथे पडलेले दोन ब्रिटिश सैनिक, मेलेले. सेन्सॉरनं परवानगी नाकारली. आपली मेलेली पोरं लोकांना दाखवायची नाहीत. नेव्हिन्सन हट्टी. त्यानं मार्च १९१८ मध्ये लंडनच्या लीस्टर गॅलरीत ते चित्र टांगलंच, मात्र वर तपकिरी कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर ‘सेन्सॉर्ड’ असं लिहून. त्याबद्दल त्याला बोलणी खावी लागली. चित्र दाखवल्याबद्दल तर खरीच, शिवाय तो शब्द वापरल्याबद्दलही.

दोनच महिन्यांनी, मे १९१८ मध्ये, त्याच गॅलरीत नॅशचं प्रदर्शन भरलं. त्यात ‘वी आर मेकिंग अ न्यू वर्ल्ड’ होतं. त्यावर पट्टी नव्हती. उलट सरकारच्या माहिती खात्यासाठी निघालेल्या युद्धचित्रकारांच्या पुस्तिकेत ते छापलं गेलं. कारण आक्षेप घ्यायचा कशावर? चित्रात प्रेत नाही. मोडकी झाडं आहेत, चिखल आहे, सूर्य उगवतोय. नाव तर एखाद्या मंत्र्याच्या भाषणातलं शोभावं असं. ‘नवं जग’ हे त्या काळच्या पुढाऱ्यांचं आवडतं आश्वासन होतं. युद्ध संपलं की नवं जग येणार. नॅशनं तेच शब्द घेतले आणि त्यांच्यावर हा चिखल मांडला. घ्या तुमचं नवं जग.

नॅशनं सेन्सॉरला चकवण्यासाठीच माणसं वगळली, असं मी म्हणणार नाही. पण परिणाम असा झाला की जे माणसाच्या शरीरावर दाखवता येत नव्हतं, ते जमिनीच्या शरीरावर दाखवलं गेलं. मेलेला सैनिक झाकता येतो. आख्खा मुलूख कसा झाकणार?

इथवर वाचून कुणी म्हणेल, की यात अतिवास्तववाद, ज्याला इंग्रजीत सर्रिअलिझम म्हणतात, तो कुठे आला? १९१८ मध्ये तर ती चळवळ जन्मलीही नव्हती. बरोबर. आणि मला वाटतं गोष्टीतली खरी गंमत इथेच आहे.

अतिवास्तववाद म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दालीची वितळलेली घड्याळं येतात. स्वप्नं, विचित्र माळरानं, कुठल्याच ग्रहावर नसतील असे खडक. आपण समजतो, पॅरिसच्या कॅफेत बसलेल्या लोकांच्या डोक्यातून हे निघालं. पण त्या लोकांची कुंडली बघा. ‘सर्रिअलिस्ट’ हा शब्द १९१७ मध्ये पहिल्यांदा वापरला कवी अपोलिनेरनं. आदल्याच वर्षी, मार्च १९१६ मध्ये, खंदकात बसलेला असताना तोफगोळ्याची कपची त्याच्या डोक्यात घुसली होती. चळवळीचा म्होरक्या आंद्रे ब्रेतों वैद्यकीचा विद्यार्थी. १९१६ मध्ये त्याची नेमणूक सां-दिझिये इथल्या लष्करी मनोरुग्णालयात होती. आघाडीवरून मन मोडून आलेले सैनिक तिथे यायचे. त्यातल्या एकाची गोष्ट तो पुढे आयुष्यभर सांगत असे. त्या सैनिकाची खात्री होती की हे युद्ध खोटंच आहे. तोफगोळे नकली, जखमा म्हणजे रंगरंगोटी, प्रेतं मांडून ठेवलेली. त्यामुळे तो भर माऱ्यात खंदकाच्या कडेवर उभा राहून बोटानं गोळ्यांना दिशा दाखवायचा.

वेडा कोण, तो की ज्यांनी हे युद्ध चालवलं ते, हा प्रश्न ब्रेतोंच्या डोक्यात तिथे शिरला. १९२४ मध्ये त्यानं अतिवास्तववादाचा जाहीरनामा लिहिला, त्याच्या मुळाशी हे रुग्णालय आहे. ज्या शहाण्या, हिशेबी, तर्कशुद्ध जगानं चार वर्षं माणसं दळली, त्या जगाच्या तर्कावरच यांचा विश्वास उरला नव्हता.

दुसरा माणूस मॅक्स एर्न्स्ट. जर्मन. चार वर्षं जर्मन तोफखान्यात. आपल्या आत्मवृत्तात त्यानं लिहून ठेवलंय, की १ ऑगस्ट १९१४ रोजी मॅक्स एर्न्स्ट मेला आणि ११ नोव्हेंबर १९१८ ला पुन्हा जिवंत झाला. मधल्या चार वर्षांची नोंदच नाही. फ्रेंच कवी पॉल एल्युआर हा पुढे त्याचा जिवलग मित्र झाला. नंतर दोघांच्या लक्षात आलं, की १९१७ च्या फेब्रुवारीत ते एकाच आघाडीवर जेमतेम किलोमीटरभर अंतरावर होते. हा तोफा डागणाऱ्या बाजूला, तो समोर.

म्हणजे चंद्रावरच्यासारखी, खड्ड्याखड्ड्यांची, निर्मनुष्य जमीन या लोकांनी स्वप्नात बघायच्या आधी डोळ्यांनी बघितली होती. नॅशचं १९१८ चं चित्र अतिवास्तववादी ‘दिसतं’, पण ते डोळ्यांसमोरचं काढलेलं आहे. जग आधी तसं झालं, कलेतला वाद मागून आला.

युद्धानंतर नॅश डिमचर्च या समुद्रकाठच्या गावी राहायला गेला. १९२१ मध्ये त्याची प्रकृती कोसळली. डॉक्टरांनी युद्धाचा ताण हेच कारण दिलं. मग तो समुद्राचा बांध रंगवत बसला. एका बाजूला लाटा, एका बाजूला जमीन, मध्ये भिंत. १९३६ मध्ये लंडनला अतिवास्तववादाचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं, तेव्हा नॅश त्याच्या आयोजकांत होता आणि चित्रंही त्यानं मांडली होती. याच प्रदर्शनात दाली पाणबुड्याचा पोशाख घालून भाषणाला आला आणि आत गुदमरता गुदमरता वाचला. सगळे हसले. त्याच जुलैत स्पेनमध्ये यादवी पेटली.

दालीबद्दल एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. यादवीच्या काही महिने आधी त्यानं एक भयंकर चित्र काढलं होतं. स्वतःलाच ओरबाडणारं, हातापायांचं प्रचंड शरीर, खाली रखरखीत जमीन आणि उकडलेल्या घेवड्याचे दाणे. युद्ध सुरू झाल्यावर त्यानं नावाला ‘यादवीचं पूर्वसूचन’ अशी जोड दिली. जणू आपल्याला आधीच कळलं होतं. आणि पुढे हाच दाली हुकूमशहा फ्रँकोचे गोडवे गात राहिला. तेव्हा युद्धाचं भयंकर चित्र काढलं म्हणजे चित्रकार युद्धाच्या विरोधात उभा राहिला, असं समजायचं कारण नाही.

एर्न्स्टचं तसं नव्हतं, कारण त्याला युद्धानं दुसऱ्यांदा गाठलं. १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला त्या वर्षी, त्यानं प्लायवूडवर प्लास्टर आणि तैलरंग वापरून युरोपचा नकाशाच मोडून काढला. ओळखू न येणारे किनारे, सरकलेले देश. नाव दिलं ‘पावसानंतरचा युरोप’. नाझींनी त्याची कला ‘अधःपतित’ ठरवली. तो फ्रान्समध्ये होता. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तसं फ्रेंचांनी त्याला पकडलं, कारण तो जर्मन. म्हणजे जर्मनीला नकोसा आणि फ्रान्सच्या लेखी शत्रू. त्याला ठेवलं ते ले मिल या गावातल्या विटा-कौलांच्या बंद कारखान्यात. तिथेच त्याच्यासोबत डांबलेल्या हान्स बेलमर या चित्रकारानं एर्न्स्टचा चेहरा काढला, सगळा विटांनी रचलेला. एल्युआरच्या खटपटीनं सुटका झाली, पुन्हा अटक झाली, तो निसटला. या धावपळीत त्याची सहचरी, चित्रकार लिओनोरा कॅरिंग्टन, मनानं कोसळली आणि स्पेनमधल्या मनोरुग्णालयात पोचली. १९४१ च्या जुलैत एर्न्स्ट न्यूयॉर्कला उतरला.

या सगळ्या काळात एक चित्र चालू होतं. १९४० मध्ये फ्रान्सात सुरू झालं, १९४२ मध्ये अमेरिकेत संपलं. ‘पावसानंतरचा युरोप’, दुसरं. शाळेत आपण कागदावर शाईचे थेंब टाकून घडी घालायचो आणि उघडून बघायचो काय आकार आलाय ते, आठवतंय? जवळपास तीच रीत. ओल्या रंगावर काच किंवा कागद दाबायचा, उचलायचा, आणि उमटलेल्या छिद्राळ, स्पंजासारख्या आकारांतून चित्र शोधायचं. दीड मीटर लांबीच्या पट्ट्यात कुजलेले खडक की पडक्या इमारती की हाडं, सांगता येत नाही. मधोमध पक्ष्याच्या डोक्याचा शिरस्त्राणधारी कुणीतरी, आणि पाठमोरी बाई. आणि वर आकाश मात्र स्वच्छ निळं.

मला या चित्राच्या नावाबद्दल थोडी तक्रार आहे. ‘पावसानंतर’. जणू हे सगळं पावसानं केलं. आपल्या बातम्यांतही असं होतं. ‘शहर उद्ध्वस्त झालं’, ‘इमारत कोसळली’. कुणी केलं ते वाक्यातून गळतं. एर्न्स्टला मी दोष देत नाही, तो पळणारा होता, मारणारा नव्हता. पण कर्ता कुठे गेला, हा प्रश्न उरतोच.

उलट बाजूनं आता नॅशचं दुसरं चित्र बघू. १९४० मध्ये इंग्लंडनं पुन्हा युद्धचित्रकार नेमले. नॅश आता पन्नाशीचा, दम्यानं जर्जर, विमानात बसायलाही असमर्थ. तरी त्याला हवाई खात्याकडे दिलं. खात्याला हवी होती शूर वैमानिकांची चित्रं. नॅशला रस पडलेल्या विमानांत. खात्यानं वर्षाच्या शेवटी त्याला काढून टाकलं आणि मग युद्धचित्र समितीच्या केनेथ क्लार्कनं त्याच्या कामासाठी ५०० पौंड वेगळे काढले. ऑक्सफर्डजवळ काउली इथे पाडलेल्या विमानांचं भंगार साठवलं जायचं. तिथे जाऊन नॅशनं फोटो काढले आणि त्यावरून चित्र केलं, ‘टोटेस मेअर’. जर्मन शब्द. अर्थ मृत समुद्र. चांदण्यात पसरलेला, मोडक्या पंखांच्या लाटांचा समुद्र. १९१८ च्या चिखलाच्या लाटा आठवाव्यात असा. एक घुबड तेवढं उडतंय.

चित्र सुंदर आहे, भयाण आहे. पण त्यातलं सगळं भंगार जर्मन आहे. काउलीच्या ढिगात ब्रिटिश विमानंही होती. ती चित्रात नाहीत. नाव जर्मन ठेवलं, कारण नॅशची इच्छा होती की याची पोस्टकार्डं छापून जर्मन लोकांपर्यंत पोचवावीत. बघा, तुमचं काय झालं ते.

म्हणजे बावीस-तेवीस वर्षांत तोच माणूस ‘आपण’वरून ‘तुम्ही’वर आला. मी त्याचा न्याय करणारा कोण? १९४० मध्ये त्याच्या घरांवर बाँब पडत होते आणि समोर हिटलर होता. त्या वेळी ‘तुम्ही’ म्हणावंसं वाटणं समजू शकतं. पण दोन चित्रं शेजारी ठेवली तर फरक जाणवतो. दुसऱ्यात भंगार शत्रूचं आहे, आपण काठावर उभे आहोत. पहिल्यात काठच नाही.

म्हणून मी ‘आम्ही’ खोडतोय. १९१८ च्या त्या चित्रात माणूस नाही कारण माणूस चित्राच्या बाहेर, समोर उभा आहे. बघतोय तो. हे रान ज्यांनी उकरलं त्यांत तोफ डागणारे आले, हुकूम देणारे आले, आणि घरबसल्या ‘चालू राहू द्या’ म्हणणारेही आले. नॅशला निरोप द्यायचा होता तो त्या शेवटच्यांना. त्यांना बाहेर ठेवणारा ‘आम्ही’ इथे चालणार नाही.

आणि ‘आपण’ म्हणताना मी फक्त भाषेची हौस करत नाहीये. ते रान आपल्याही माणसांनी तुडवलंय. ऑक्टोबर १९१४ मध्येच हिंदी सैनिक ईप्रला पोचले होते. ३१ ऑक्टोबरला खुदादाद खान या शिपायानं होलेबेकला मशिनगन शेवटपर्यंत चालवली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा तो पहिला हिंदी सैनिक ठरला. नॅशनं रेखाटलेल्या झाडीपासून ते ठिकाण काही किलोमीटरवर आहे. ईप्रच्या मेनिन गेटवर, ज्यांची कबरही सापडली नाही अशा ५४,००० हून अधिक सैनिकांची नावं कोरली आहेत, त्यांत चारशेच्या वर हिंदी आहेत. आपल्या मराठा पलटणी अधिक करून मेसोपोटेमियात लढल्या. पुणे डिव्हिजन म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन कुतच्या वेढ्यात जवळपास पाच महिने उपाशी राहिली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली.

त्या युद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांवर माणसं गेली. ७४,००० च्या आसपास परतली नाहीत. त्यांची आठवण म्हणून इंग्रज सरकारनं गावोगावी दगडी पाट्या बसवल्या. आमच्या गावात एक आहे, जुन्या चावडीच्या भिंतीत. तिच्यावर गेले किती आणि मेले किती, एवढे दोन आकडे आहेत. नाव एकाचंही नाही. लहानपणी तिच्यावर आम्ही खडूनं स्टंप काढायचो. परवा अण्णांना तिची आठवण करून दिली, तर म्हणाले, त्यातला एक आपल्याच भावकीतला, पण नाव आता कुणाला ठाऊक नाही. माणसं नसलेलं युद्धाचं चित्र आमच्या गावात शंभर वर्षं भिंतीत आहे, आणि मी ते कधी बघितलंच नव्हतं.

राहिला अण्णांचा तिसरा प्रश्न. आता पिकतंय का तिथं?

पिकतंय, अण्णा. ईप्रभोवती चांगली शेती आहे. चर पुन्हा खणले, खड्डे बुजवले, गावं पुन्हा बांधली. पण दरवर्षी नांगरताना न फुटलेले तोफगोळे वर येतात, त्यातले काही विषारी वायूचे. शेतकरी ते शेताच्या कडेला काढून ठेवतात आणि बेल्जियमच्या लष्कराची गाडी येऊन घेऊन जाते. तिकडे त्याला लोखंडाचं पीक म्हणतात. शंभर वर्षं होऊन गेली, अजून काढणी संपलेली नाही. आणि फ्रान्समध्ये व्हर्दंच्या भोवती नऊ गावं अशी आहेत, की जी पार नाहीशी झाली आणि त्यातली बहुतेक पुन्हा वसलीच नाहीत. त्यातल्या सहांची लोकसंख्या शून्य आहे, तरी कागदोपत्री गाव जिवंत आहे आणि त्याला महापौर नेमला जातो.

तेव्हा पुढच्या वेळी ड्रोनचा तसा व्हिडिओ मोबाईलवर आला, की पुढे सरकण्याआधी अण्णांचे तीन प्रश्न विचारून बघू. रान कुणी उकरलं? माणसं कुठे आहेत? तिथे आता काय पिकणार? उत्तरं देताना कर्ता गाळायचा नाही.

माझ्या जुन्या पोस्टमधलं भाषांतर आज दुरुस्त केलं आहे. ‘आपण नवं जग घडवतो आहोत.’

तुमच्या गावात चावडीला, देवळाला, शाळेच्या भिंतीत अशी १९१४ ते १९१९ ची दगडी पाटी असेल तर तिचा फोटो कॉमेंटमध्ये टाका, गावाच्या नावासकट. आणि घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला गेलेल्यांपैकी एखादं नाव आठवत असेल, तर ते आधी लिहून ठेवा. आमच्याकडे उशीर झाला.